ई-स्पोर्ट्सचे महासंघ: कोणाचा शिक्का कुठे चालतो?

मध्यरेषा

ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत, ‘आम्हीच सर्वोच्च संघटना’ म्हणणाऱ्या संस्था जागतिक पातळीवर दोन आहेत, आशियात तिसरी, आणि टीम व स्पर्धा-कंपन्यांनी मिळून काढलेल्या संघटना निराळ्या. संलग्नतेची फी भरण्याआधी किंवा करारावर सही करण्याआधी यातली कोण नेमकं काय देऊ शकते ते कळावं, यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्ती करावी.

पहिली इंटरनॅशनल ई-स्पोर्ट्स फेडरेशन, म्हणजे आयईएसएफ. ऑगस्ट २००८ मध्ये कोरियाच्या पुढाकाराने नऊ देशांच्या संघटनांनी ती काढली, मुख्यालय बुसान. रचना नेहमीच्या क्रीडा महासंघासारखी: एका देशाची एक सदस्य संघटना, दरवर्षी जागतिक स्पर्धा, उत्तेजकविरोधी ‘वाडा’ संहितेवर सही. दुसरी ग्लोबल ई-स्पोर्ट्स फेडरेशन, जीईएफ. ती १६ डिसेंबर २०१९ ला सिंगापूरमध्ये जाहीर झाली. पहिले अध्यक्ष क्रिस चॅन हे तेव्हा सिंगापूरच्या ऑलिंपिक समितीचे सरचिटणीस होते आणि संस्थापक भागीदार होती टेन्सेंट. म्हणजे एकीकडे अकरा वर्षं जुनं सदस्यांचं जाळं, दुसरीकडे ऑलिंपिक वर्तुळातली माणसं आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या गेम कंपन्यांपैकी एकीचं पाठबळ. बऱ्याच देशांच्या संघटनांनी दोन्हीकडे सदस्यत्व घेतलं. भारताची ईएसएफआय (ई-स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया) दोन्हीकडे आहे, शिवाय आशियाई महासंघ एईएसएफमध्येही.

आता मुद्दा. क्रिकेटमध्ये २००७ साली आयसीएल ही खासगी लीग आली तेव्हा बीसीसीआयने तिची कोंडी केली, कारण मैदानं, पंच आणि भारतीय संघाची निवड बोर्डाच्या हातात होती. क्रिकेट हा खेळ मात्र कोणाच्या मालकीचा नव्हता. ई-स्पोर्ट्समध्ये हे नेमकं उलट आहे. खेळाला मालक आहे. काउंटर-स्ट्राइक आणि डोटा व्हॉल्व्हचे, व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजेंड्स रायटचे, बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतासाठीची आवृत्ती) क्राफ्टनचा. सर्व्हर, नियम, आवृत्ती, प्रक्षेपणाची परवानगी हे सगळं पब्लिशरकडे, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपनीकडे. महासंघाकडे यातलं काहीच नाही.

मग महासंघाकडे उरतं काय? देशाच्या नावाने संघ पाठवण्याचा दरवाजा: आशियाई क्रीडा स्पर्धा, राष्ट्रकुलाशी जोडलेल्या स्पर्धा आणि महासंघांच्या स्वतःच्या स्पर्धा. हा एवढाच दरवाजा आहे आणि सगळी भांडणं त्याच्या किल्लीसाठी आहेत. म्हणून ‘खरी संघटना कोणती’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘हिचा शिक्का कोणत्या स्पर्धेच्या प्रवेशिकेवर लागतो’ हे विचारावं.

एक जवळचं उदाहरण. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली. डोटा २, बक्षिसं ३ लाख डॉलर, बाहेरच्या देशांतल्या अव्वल टीम. ती कोणत्याही महासंघाची स्पर्धा नव्हती. ईएसएल ही आयोजक कंपनी आणि व्हॉल्व्हचा परवाना एवढ्यावर ती उभी राहिली.

झर्ग_रश

महत्त्वाचा धागा. संघटना आणि पब्लिशर यांच्यातलं सगळ्यात मोठं भांडण कोरियात झालं. ते सविस्तर लिहितो, कारण पुढची बहुतेक भांडणं त्याच वळणाने गेली.

केस्पा ही कोरियन ई-स्पोर्ट्स संघटना २००० साली तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या मान्यतेने सुरू झाली. खेळ होता स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर. एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग, सीजे अशा मोठ्या कंपन्यांच्या टीम, ऑनगेमनेट आणि एमबीसीगेम हे दोन टीव्ही चॅनल, आणि व्यावसायिक खेळाडूचा परवाना देणारी केस्पा. परवाना नसेल तर प्रोलीग, म्हणजे या टीमची मुख्य लीग, नाही. खेळाडूंचा ड्राफ्ट, बदल्या, पंच, शिस्त सगळं तिच्याकडे. इतकी पकड आजवर दुसऱ्या कोणत्याही ई-स्पोर्ट्स संघटनेला मिळालेली नाही.

ठिणगी पडली २००७ साली. केस्पाने प्रोलीगचे प्रक्षेपण हक्क मध्यस्थ कंपनीमार्फत चॅनलना विकले. तोवर गेमची निर्माती ब्लिझार्ड या सगळ्याकडे फारसं बघत नव्हती. हक्क विकले गेल्यावर तिने विचारलं, आमच्या गेमचे हक्क तुम्ही कोणत्या अधिकाराने विकता? केस्पाची बाजू अशी की हा खेळ आता सार्वजनिक झाला आहे आणि सामन्याचं प्रक्षेपण ही वेगळी निर्मिती आहे. बोलणी तीन वर्षं रेंगाळली. एप्रिल २०१० मध्ये ब्लिझार्डने ती थांबवल्याचं जाहीर केलं आणि मे २०१० मध्ये कोरियातले स्पर्धा व प्रक्षेपणाचे हक्क ग्रेटेक या कंपनीला दिले. गॉमटीव्ही हे इंटरनेट चॅनल तिचंच. वर्षाच्या शेवटी दोन्ही चॅनलविरुद्ध खटले दाखल झाले आणि मे २०११ मध्ये समझोता होऊन चॅनलनी रीतसर परवाने घेतले.

लोक सहसा कॉपीराइटवर बोलतात, पण निकाल लावला एका तांत्रिक गोष्टीने. ब्रूड वॉरमध्ये लॅन होतं. दोन संगणक केबलने जोडले की सामना सुरू; ब्लिझार्डच्या सर्व्हरला पत्ताही लागत नाही. केस्पाची सगळी ताकद या केबलवर उभी होती. २७ जुलै २०१० ला स्टारक्राफ्ट २ आला तो लॅनशिवाय. प्रत्येक सामन्यासाठी ब्लिझार्डच्या बॅटलनेट सर्व्हरवर लॉगिन. त्या दिवसापासून परवानगीशिवाय स्पर्धा भरवणं कोर्टाच्या आधीच अशक्य झालं. ग्रेटेकने त्याच वर्षी जीएसएल ही स्टारक्राफ्ट २ ची लीग सुरू केली, विजेत्याला १० कोटी वॉन. त्याच २०१० मध्ये ब्रूड वॉरमध्ये सामने विकल्याचं प्रकरण उघड झालं आणि केस्पाने अकरा आजी-माजी खेळाडूंवर कायमची बंदी घातली. ज्या वर्षी स्वतःची पत सांभाळायची गरज होती नेमकं त्याच वर्षी तिला दोन आघाड्यांवर लढावं लागलं.

पुढचा अंक जास्त बोधक आहे. मे २०१२ मध्ये केस्पा, ऑनगेमनेट, ग्रेटेक आणि ब्लिझार्ड एका व्यासपीठावर आले आणि केस्पाच्या टीम स्टारक्राफ्ट २ कडे वळणार असं ठरलं. तीन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, केस्पाने आपले खेळाडू जीएसएलमधून काढून घेतले. जीएसएलकडच्या टीमची वेगळी संघटना होती. तिने उलट ऑनगेमनेटच्या स्पर्धेवर बहिष्काराचा इशारा दिला. काही दिवसांतच दोन्ही बाजू नमल्या, कारण दोघांनाही एकमेकांचे खेळाडू हवे होते. गेम एकाचा, खेळाडू दुसऱ्याचे, चॅनल तिसऱ्याचं. कोणाही एकाला स्पर्धा पूर्ण भरवता येत नव्हती, म्हणून तडजोड झाली. एप्रिल २०१३ मध्ये ब्लिझार्डने दोन्ही कोरियन लीग स्वतःच्या जागतिक मालिकेत ओढून घेतल्या. प्रोलीग ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद झाली.

पंचनामा

झर्ग_रश, लॅनचा मुद्दा अचूक. पण या दोन्ही प्रतिसादांतून वाचणाऱ्याची अशी समजूत होईल की पब्लिशरकडे सत्ता असली म्हणजे प्रश्न मिटला. तो तिथे सुरू होतो.

पब्लिशर हा मालक, आयोजक आणि न्यायाधीश तिन्ही असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या एका हर्थस्टोन (ब्लिझार्डचा पत्त्यांचा गेम) खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाच्या बाजूने घोषणा दिली. ब्लिझार्डने त्याला वर्षभर बंदी केली आणि बक्षिसाची रक्कम काढून घेतली. जगभर आरडाओरडा झाल्यावर बंदी सहा महिन्यांवर आली, पैसे परत मिळाले. दोन्ही निर्णय त्याच कंपनीचे. त्रयस्थ अपील मंडळ नाही, सुनावणीची पद्धत नाही. खेळाडूकडे लोकमत सोडून काहीही साधन नव्हतं.

गेम बंद पडला तर? पब्लिशर आवृत्ती बदलतो, स्पर्धा बंद करतो, देशातून परवाना काढतो. हांगझोऊ आशियाई स्पर्धेसाठी आधी आठ गेम जाहीर झाले होते. त्यातला हर्थस्टोन वगळला गेला, कारण जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार कंपनी नेटईज यांचा चीनमधला करार संपला आणि तिथे गेमच बंद झाला. पात्रता स्पर्धा जिंकून बसलेल्या भारतीय खेळाडूंची वाट तिथेच संपली. दोन कंपन्यांच्या व्यवहारात पदकाचा एक खेळ गेला आणि कोणताही महासंघ काही करू शकला नाही.

म्हणून तटस्थ संस्था हवीच. प्रश्न तिला दात कुठून येणार हा आहे.

मध्यरेषा

पंचनामा, मान्य, आणि हे मूळ लेखात यायला हवं होतं. दातांबद्दल: आजवर ज्या त्रयस्थ संस्थेचं खरोखर चाललं ती महासंघ नाही. ईएसआयसी ही २०१६ साली सुरू झालेली सचोटी आयोगासारखी संस्था. सप्टेंबर २०२० मध्ये तिने काउंटर-स्ट्राइकच्या ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. प्रेक्षक कॅमेऱ्यातल्या एका त्रुटीमुळे प्रशिक्षकाला नकाशाचा भलताच भाग दिसत राहायचा, तिचा फायदा घेतल्याबद्दल. जुन्या सामन्यांच्या डेमो फाइल (गेममधलंच रेकॉर्डिंग) तपासून हे सापडलं. त्याआधी २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया टीमचा एक खेळाडू ‘वर्ड’ असं नाव दिलेल्या फाइलमधून चीट चालवताना पकडला गेला. त्यालाही ईएसआयसीने पाच वर्षांची बंदी केली.

तिचे दात करारातून आले. ईएसएल, ब्लास्ट वगैरे आयोजक तिचे सदस्य; सदस्याच्या नियमपुस्तिकेत ‘ईएसआयसीची बंदी आम्ही पाळू’ असं कलम. म्हणून बंदी एका स्पर्धेतून दुसरीत जाते. जो आयोजक सदस्य नाही त्याच्याकडे ती आपोआप लागू होत नाही. आपल्याकडच्या छोट्या आयोजकांनी हे एक वाक्य नियमपुस्तिकेत घातलं तरी खूप फरक पडेल: कोणत्या संस्थेची बंदी आपण पाळणार, नावानिशी.

झर्ग_रश

काउंटर-स्ट्राइकमध्ये टीमच्या बाजूनेही सत्ता घेण्याचे प्रयत्न झाले, ते थोडक्यात नोंदवतो. मे २०१६ मध्ये ईएसएल आणि काही मोठ्या टीमनी मिळून वेसा ही संघटना काढली. त्यातली फेझ ही टीम काही दिवसांतच बाहेर पडली. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या सात टीमनी पीईए ही संघटना आणि स्वतःची लीग जाहीर केली, आणि आपले खेळाडू ईएसएल प्रो लीगमधून काढायचं ठरवलं. डिसेंबर २०१६ मध्ये २५ खेळाडूंनी जाहीर पत्र लिहिलं की कुठे खेळायचं हे आम्हाला विचारल्याशिवाय ठरवू नका. जानेवारी २०१७ मध्ये लीग रद्द. खेळाडू एकत्र आले आणि संघटनेला माघार घ्यावी लागली, असं उदाहरण या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

त्यानंतरचा २०२० चा लुव्र करार: ईएसएल आणि १३ टीम, कायमच्या जागा आणि उत्पन्नात वाटा. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉल्व्हने जाहीर केलं की २०२५ पासून आयोजकाचे सहभागी टीमशी खास व्यावसायिक संबंध चालणार नाहीत, निमंत्रणं व्हॉल्व्हच्या क्रमवारीवरून किंवा खुल्या पात्रता फेरीतून द्यायची, आणि टीमना मिळणारा पैसा जाहीर आणि वस्तुनिष्ठ निकषांवर असायला हवा. कायमच्या जागा संपल्या. इथे पब्लिशरने सत्ता वापरली ती दार उघडण्यासाठी. पंचनामा म्हणतात तो धोका खरा, पण उलट उदाहरणही ध्यानात ठेवावं.

सावंतवाडीकर

वाचतो आहे. जिल्ह्यातल्या चांगल्या खेळाडूला भारताकडून खेळायचं असेल तर नेमकी साखळी काय? कोणाकडे नोंदणी करायची, हे कोणी धड सांगत नाही.

मध्यरेषा

सावंतवाडीकर, साखळी अशी. आशियाई स्पर्धेची मालक आशियाई ऑलिंपिक परिषद, ओसीए. ई-स्पोर्ट्सची तांत्रिक बाजू ती एईएसएफकडे देते. गेमची यादी या दोघांनी पब्लिशरशी बोलून ठरवलेली. प्रवेशिका मात्र प्रत्येक देशाच्या ऑलिंपिक समितीमार्फत जातात, म्हणजे आपल्याकडे भारतीय ऑलिंपिक संघटना. तिच्यापर्यंत नावं पोचवते राष्ट्रीय ई-स्पोर्ट्स संघटना, पात्रता स्पर्धा घेऊन. हांगझोऊसाठी ईएसएफआयने अशी पात्रता स्पर्धा २०२२ मध्ये घेतली होती. यातली एक कडी तुटली की बाकीच्यांचा उपयोग नाही.

कडी तुटण्याचं उदाहरण पुन्हा केस्पाच. जकार्ता २०१८ मध्ये ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ होता. कोरियाच्या ऑलिंपिक समितीने सदस्यत्वाचे निकष कडक केले होते, प्रादेशिक क्रीडा परिषदेचं सदस्यत्व हवं होतं आणि केस्पाकडे ते नव्हतं. जगातले सर्वोत्तम खेळाडू असलेला देश बाहेर राहण्याची वेळ आली. शेवटच्या क्षणी देजॉन शहराच्या क्रीडा परिषदेने केस्पाला सदस्य करून घेतलं आणि संघ गेला. स्टारक्राफ्ट २ मध्ये सुवर्ण, लीग ऑफ लेजेंड्समध्ये रौप्य. त्याच स्पर्धेत भारताला हर्थस्टोनमध्ये कांस्य मिळालं.

तेव्हा जिल्ह्यातल्या खेळाडूने आधी गेम निवडताना पदकाच्या यादीकडे बघावं. हांगझोऊत सात गेम होते: डोटा २, लीग ऑफ लेजेंड्स, स्ट्रीट फायटर ५, फिफा, अरीना ऑफ व्हॅलर, ड्रीम थ्री किंग्डम्स २ आणि पबजी मोबाइलची खास आवृत्ती. भारताने चारच गेममध्ये संघ पाठवले. आपल्याकडे सगळ्यात जास्त मुलं खेळतात तो बीजीएमआय या यादीत नव्हता, आणि पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० पासून भारतात बंदी. म्हणजे बीजीएमआयमध्ये कितीही कौशल्य असलं तरी त्या वर्षी पदकाचा रस्ता तिथून नव्हता. कोणत्याही जिल्हा संघटनेचं प्रमाणपत्र हे बदलू शकत नव्हतं.

पंचनामा

भारतीय कायद्याची बाजू इथे मांडतो, कारण संघटनांच्या स्पर्धेला आता कायद्याचंच इंधन मिळालं आहे.

डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने कामाची वाटणी झाली: बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे, ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन कायदे झाले. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणलं आणि एका खेळाला एकच मान्यताप्राप्त राष्ट्रीय संस्था हे तत्त्व कायद्यात आलं. ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्टची व्याख्या केली. गेम बहुक्रीडा स्पर्धेत खेळला जाणारा हवा, ठरलेल्या नियमांनी अनेक खेळाडूंत किंवा संघांत स्पर्धा हवी, क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता आणि प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, निकाल निव्वळ कौशल्यावर हवा, आणि कोणाचीही पैज किंवा लावलेला पैसा नको. प्रवेश शुल्क चालतं, पण फक्त स्पर्धेत उतरण्यासाठी किंवा व्यवस्थापनाचा खर्च भागवण्यासाठी. कामगिरीवर आधारित बक्षीसही चालतं.

दोन गोष्टी लक्षात घ्या. मान्यतेची किल्ली क्रीडा कायद्यात आहे, म्हणजे मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय संस्थेचं वजन एकदम वाढतं. आणि अशी मान्यता देताना आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्नता पाहिली जाते. इतर खेळांत तो महासंघ एकच असतो. इथे दोन आहेत आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दोघांपैकी एकालाही खेळाचा महासंघ म्हणून स्वीकारलेलं नाही. जागतिक भांडण आपल्या अर्जात उतरतं ते असं.

छोट्या आयोजकाला धोका कुठे, तर प्रवेश शुल्कात. प्रत्येकी ५० रुपये गोळा करून त्याच पैशांतून विजेत्याला बक्षीस देणं ही जुनी सवय. आता ते लावलेल्या पैशासारखं दिसतं. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. शुल्काचा हिशेब वेगळा ठेवावा, तो जागा, इंटरनेट, पंच यावर खर्च झाल्याची बिलं ठेवावीत, आणि बक्षीस प्रायोजकाच्या किंवा आयोजकाच्या स्वतंत्र पैशातून द्यावं.

लॅन_केबल

पंचनामा यांचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी दोनदा वाचावा. स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी कामाचा क्रम लिहितो.

सगळ्यात आधी पब्लिशरची सध्याची स्पर्धा-नियमावली उघडायची. बक्षिसाची कमाल मर्यादा, प्रायोजकांचे निषिद्ध प्रकार (सट्टा, तंबाखू, मद्य वगैरे), तिकीट आणि प्रक्षेपण. मर्यादेच्या आत असाल तर बऱ्याच गेममध्ये वेगळा परवाना लागत नाही, बाहेर असाल तर लेखी परवाना. नियमावलीची त्या तारखेची प्रत जतन करा, ती बदलत राहते. परवान्यावर चार गोष्टी जुळल्याच पाहिजेत: आयोजकाचं नाव, तारखा, एकूण बक्षीस, प्रक्षेपणाचं चॅनल. नेहमीची चूक ही की परवाना इव्हेंट कंपनीच्या नावावर आणि प्रक्षेपण कॉलेजच्या चॅनलवर. मग ऐन अंतिम सामन्यात कॉपीराइटची तक्रार लागते आणि प्रक्षेपण बंद. महासंघाचं पत्र दाखवून ते सुरू होत नाही, कारण यूट्यूब हक्कधारकाचं ऐकतं.

नियमपुस्तिकेत वाद होतात ते ठरावीक जागी. संपर्क तुटला तर किती मिनिटं थांबायचं, आणि फेरी पुन्हा खेळायची की नाही. बरोबरीचे गुण. बदली खेळाडू कधीपर्यंत. संघाची यादी कधी गोठवायची. तक्रार किती मिनिटांत आणि कोणाकडे. तक्रारीवर निर्णय देणारा माणूस आयोजकाच्या टीमपैकी नसावा; तीन जणांचं मंडळ आधीच नावानिशी जाहीर करावं. डेमो, सर्व्हर लॉग, खेळाडूंच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग किमान ९० दिवस ठेवा. मध्यरेषा यांनी सांगितलेलं प्रशिक्षकांचं प्रकरण जुन्या डेमो शिल्लक होत्या म्हणून उघड झालं.

संलग्नतेच्या पत्राबद्दल: नोंदणी प्रमाणपत्र आणि घटना मागा. मान्यतेचं पत्र कोणी, कोणत्या तारखेला दिलं ते बघा. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सदस्यांच्या यादीत नाव आहे का ते तपासा; पत्रावरचं बोधचिन्ह हा पुरावा नव्हे. फीच्या बदल्यात मतदानाचा हक्क आहे की नुसतं प्रमाणपत्र? आणि ‘दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत खेळल्यास बंदी’ असं कलम असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

पंचनामा

बंदीच्या कलमावर पुस्ती. युरोपीय न्यायालयाने २१ डिसेंबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनच्या प्रकरणात निकाल दिला: परवानगी नसलेल्या स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूंवर बंदी घालण्याचे त्या युनियनचे नियम स्पर्धा कायद्याच्या विरोधात होते. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१३ साली बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड केला, अपिलात तो रद्द झाला, आणि २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा तेवढाच ठोठावला. मुद्दा हाच होता: नियम करणारी संस्थाच धंद्यातही असते आणि प्रतिस्पर्धी लीगचं दार बंद करते. ई-स्पोर्ट्समधल्या संघटनेकडे बोर्डाच्या ताकदीचा अंशही नाही. तिने असं कलम घातलं तर आव्हान द्यायला पुरेसा आधार आहे.

वेताळ_मोड

यात सौदीचा उल्लेख कसा नाही? जानेवारी २०२२ मध्ये सौदी सरकारी निधीच्या सॅव्ही गेम्स कंपनीने ईएसएल आणि फेसइट हे स्पर्धांचं व्यासपीठ मिळून दीड अब्ज डॉलरला घेतले. २०२४ मध्ये रियाधला ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप सुरू झाला, पहिल्या वर्षी ६ कोटी डॉलरच्या वर बक्षिसं, २०२५ मध्ये ७ कोटींवर. तिथे बुद्धिबळही घेतलं आणि मुंबईच्या एस८यूएल या टीमने त्यासाठी ग्रँडमास्टर निहाल सरीनला करारबद्ध केलं. जीईएफच्या २०२३ च्या स्पर्धा रियाधला, आयईएसएफची २०२४ ची जागतिक स्पर्धाही रियाधला. दोन प्रतिस्पर्धी महासंघ आणि यजमान एकच. मला वाटतं खरी सर्वोच्च संस्था तिथे बसली आहे.

मध्यरेषा

वेताळ_मोड, पैशाच्या अर्थाने बरोबर. पण पैशानेही ऑलिंपिकचं दार उघडलं नाही. जुलै २०२४ मध्ये ऑलिंपिक समितीने सौदी ऑलिंपिक समितीबरोबर १२ वर्षांचा करार जाहीर केला. पहिल्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स स्पर्धा २०२५ मध्ये ठरल्या, त्या २०२७ वर गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांनी करारच संपवला. त्याआधी २०२३ च्या सिंगापूरच्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स मालिकेत समितीने दोन्ही ई-स्पोर्ट्स महासंघांना बाजूला ठेवून जुन्या क्रीडा महासंघांमार्फत गेम घेतले होते: तिरंदाजी, सायकलिंग, बुद्धिबळ, नेमबाजीच्या नावाखाली फोर्टनाइट. म्हणजे किल्लीचे दावेदार दोन नाहीत, कितीतरी आहेत. फिफाने फुटबॉल गेम बनवणाऱ्या ईए कंपनीशी नातं तोडल्यावर स्वतःच्या स्पर्धा ईफुटबॉल आणि रॉकेट लीगवर नेल्या, तोही याच साखळीचा भाग.

आता सौदीने राष्ट्रीय संघांची ई-स्पोर्ट्स नेशन्स कप जाहीर केली आहे. देशाच्या नावाने संघ पाठवणं हा महासंघांचा एकमेव राखीव प्रांत होता. तिथे खासगी आयोजक पब्लिशरला सोबत घेऊन उतरला तर राष्ट्रीय संघटनेकडे काय उरेल, हे यापुढे बघायचं आहे.

झर्ग_रश

राष्ट्रीय संघटनांनी आपली पत स्वतःही घालवली आहे, हे विसरू नये. जुलै २०१४ मध्ये आयईएसएफच्या जागतिक स्पर्धेसाठी फिनलंडची हर्थस्टोन पात्रता फक्त पुरुषांसाठी ठेवली होती. माउस चालवण्याच्या खेळात पुरुष-स्त्री वेगळे का, याचं उत्तर महासंघाकडे ‘इतर खेळांत असंच असतं’ याच्या जवळपासचं होतं. टीका झाल्यावर खुला गट केला. पारंपरिक साचा जसाच्या तसा आणला की अशी चूक होते.

सावंतवाडीकर

सगळ्यांचे आभार. आयची-नागोया २०२६ च्या आशियाई स्पर्धेसाठी इच्छुक मुलांनी कागदपत्रांत आधीच काय तयार ठेवावं?

लॅन_केबल

पासपोर्ट सगळ्यात आधी. मुदत स्पर्धेच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि गेम खात्याला जोडलेलं खरं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. मधलं नाव एकीकडे आणि दुसरीकडे नाही, यावरून पडताळणी अडते. खातं स्वतःचं, विकत घेतलेलं किंवा मित्राचं नको; जुन्या खात्यावर बंदीची नोंद असेल तर ती लपवू नये, पब्लिशरकडे दिसतेच. क्लबशी करार असेल तर देशाच्या संघासाठी सोडण्याचं कलम आहे का ते बघावं, नसेल तर आत्ताच जोडून घ्यावं. प्रायोजकाच्या जर्सीचा वादही तिथेच उद्भवतो. १८ पेक्षा लहान असेल तर दोन्ही पालकांची लेखी संमती. नियमित औषध चालू असेल, विशेषतः एकाग्रतेच्या त्रासावरचं, तर डॉक्टरांची कागदपत्रं घेऊन वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधी करावा लागतो. ती औषधं वाडाच्या निषिद्ध यादीत असतात आणि सामन्याच्या दिवशी चिठ्ठी दाखवून भागत नाही.